वरुणाचा अतिरिक्त कार्यभार

घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवणे म्हणजे समुद्राची कामे अंगावर घेणे. लाटा, गारवा, सफाई, पाऊस ही सगळी खाती समुद्र बिनपगारी सांभाळतो. दिवाणखान्यात ती उमेदवाराने सांभाळायची आणि विजेचे बिलही त्यानेच भरायचे. हे मान्य नसेल तर गोल्डफिश घ्यावा.

पहिले काम स्टँडचे. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही नवशिक्याला झेपणारी टाकी. म्हणजे नऊ घनफूट, काठोकाठ 255 लिटर. काच, खडक, वाळू धरली की मामला 350 किलोच्या आसपास जातो. (ही बेरीज घरात मोठ्याने करू नये.) राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून आखतात आणि आपली टाकी जेमतेम अर्धा चौरस मीटर अडवते. म्हणून ती खोलीच्या मधोमध कितीही शोभत असली तरी बीमलगत, भिंतीला धरून ठेवावी. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला आधी चहाला बोलवावे.

वजनाचा आकडा ऐकला की मिस्त्री प्लायवर थाप मारून म्हणतात, ‘‘साहेब, हत्ती उभा करा!’’ यावर विसंबू नये. हत्ती थोड्या वेळाने उतरतो, टाकी वर्षानुवर्षे उतरत नाही. वरच्या चौकटीचा भार थेट उभ्या खांबांच्या डोक्यावर टेकला पाहिजे. स्क्रूंनी खांबांना फक्त जागेवर धरून ठेवायचे, ओझे वाहायचे नाही. मिस्त्रींना आडवी पट्टी खांबाच्या अंगाला ठोकून मोकळे व्हायची सवय असते, तेव्हा या टप्प्यावर त्यांच्या डोक्याशी उभे राहावे. ते वैतागतील. पाठीमागे पूर्ण प्लाय मारून घ्यावी, नाहीतर स्टँड बाजूला कलायला बघतो. आतून-बाहेरून रंगाचे दोन हात द्यावेत, कारण खारे पाणी जिथे उडते तिथे मिठाची पांढरी खपली धरते. लोखंडी अँगलचा स्टँड केला तर तिथेच गंजही धरतो.

मग पाणसळ लावावी. बाल्कनीकडे उतार काढणाऱ्या फरशीवर बुडबुडा मध्यावर येत नाही. पाचर मारायची ती स्टँडच्या पायाखाली, काचेखाली नव्हे. वायरींना सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटात न शिरता जमिनीवर पडेल.

स्टँडच्या पोटात दुसरी टाकी बसते, तिला संप म्हणतात. वरचे पाणी पाइपाने खाली येते, पंप ते परत वर चढवतो. वीज असेपर्यंत हा संसार सुखाचा. वीज गेली की पंप थांबतो, पण खाली येणारे पाणी काही वेळ येतच राहते, आणि चढत्या पाइपातूनही ते उलटे ओढले जाते. त्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडावे. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि ओढ तुटते. संपात तेवढ्या पाण्यापुरती जागा मोकळी ठेवावी. आणि मासे आणण्याआधी, भर दिवसा, स्वतः मेन स्विच पाडून खात्री करावी. ही परीक्षा कधी ना कधी होतेच. आपण घेतली नाही तर भारनियमन रात्री घेते, आणि निकाल खालच्या मजल्यावर लागतो.

पाणी चौपाटीवरून आणू नये, त्यात समुद्रापेक्षा शहर जास्त असते. स्वयंपाकघरातले मीठही नको, कारण ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड आणि समुद्राला कॅल्शियम, मॅग्नेशियम असा बराच परिवार आहे. अॅक्वेरियमचे खास मीठ शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मिसळावे, म्हणजे आपल्या टाकीला नऊएक किलो. प्रवाळ मालवणहून पिशवीत घालून आणायचा विचार असेल तर सोडावा. 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत.

आता खरी कसोटी. टाकी भरली, दिवे लागले, तरी मासे आणायचे नाहीत. आधी पाण्यात एक कच्ची कोळंबी टाकून ती कुजू द्यायची. त्यातून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. ही वसाहत खडकांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. हे सगळे शास्त्रोक्त आहे, पण ताजी, सोलायलाही न घेतलेली कोळंबी पाण्यात सोडताना आजी बघत असतील तर शास्त्र कामाला येत नाही. ‘‘अरे, निदान कालवण तरी केलं असतं!’’ याला विज्ञानाकडे उत्तर नाही.

त्यातच वाळूवर तपकिरी शेवाळी थर येतो. पाहुणे काचेला नाक लावून विचारतात, ‘‘मासे लपलेत का?’’ ‘हो’ म्हणावे. संध्याकाळी परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघावा. हिरवा दिसला तर अमोनिया अजून आहे, पिवळा आला की गेला. घरात रंगावर मतदान घेऊ नये.

मुंबईच्या मे महिन्यात पाणी 26 अंशांवर ठेवायला चिलर लागतो. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, मग खोलीला एसी लागतो. या मुद्द्यावर चर्चा करू नये, बिल ऑटोपेवर टाकावे.

माशांत क्लाउनफिश आधी, डॅमसेल शेवटी. डॅमसेल आधी सोडला तर तो लोकलच्या खिडकीतल्या प्रवाशासारखा सगळी टाकी आपलीच समजतो. क्लाउनफिशचा सेवाज्येष्ठतेचा नियम वेगळा आहे. सगळे जन्मतः नर, त्यांतला सर्वांत मोठा मादी होतो, आणि ती मेली की तिचा जोडीदार मादीच्या पदावर चढतो. ‘फाइंडिंग नेमो’ने ही बाब कुटुंबवत्सल प्रेक्षकांपासून लपवली. मुलांनी विचारले तर आपणही प्राणिशास्त्राच्या पुस्तकाकडे बोट दाखवावे.

गावी जाताना शेजाऱ्यांना काम सोपवावे लागते. खाद्याच्या दिवसागणिक पुड्या बांधून द्याव्यात, डबा देऊ नये. टाकीचे पाणी रोज थोडे उडून जाते, पण मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची, हे कागदावर ठळक लिहून काचेला चिकटवावे. तरीही मिठाची पिशवी कपाटात ठेवून किल्ली सोबत न्यावी. शेजारी सढळ हाताचे असतात.