जावईबापू याकुझा

जपानच्या गुन्हेगारी टोळ्यांत, म्हणजे याकुझांत, कुणाकडून आगळीक घडली तर त्यानं डाव्या करंगळीचं पेर स्वतःच्या हातानं कापायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि म्होरक्यापुढे ठेवून माफी मागायची, असा जुना रिवाज आहे. करंगळी अधू झाली की तलवारीवरची पकड ढिली पडते आणि माणूस टोळीच्या आसऱ्याला कायमचा बांधला जातो, असं त्यामागचं गणित सांगतात. नांदेडला, रात्री बायको झोपल्यावर मोबाइलवर जपानी सिनेमांत हे बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी पतसंस्थेत कारकून. थकबाकीदारांना फोन करून दम देणं हे माझं काम आणि पलीकडून दम खाऊन फोन ठेवणं ही माझी पद्धत.

त्यामुळे केन ताकाकुरा मला एकदम पटला. १९६५ साली तोएई कंपनीनं अबाशिरीच्या तुरुंगावर सिनेमा काढला आणि हा नट जपानच्या गळ्यातला ताईत झाला. तो फारसं बोलत नाही. अपमान गिळतो, पुन्हा गिळतो आणि शेवटी तलवार उचलून एकटाच निघतो. ताकेशी कितानोची तऱ्हा आणखी निराळी. १९९३ च्या ‘सोनातिने’मध्ये समोर गोळ्या सुटतात तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मला यातलं गिळणं आधीपासूनच जमत होतं. उरला होता फक्त रुबाब.

आमच्याकडचा रुबाब खर्चिक असतो. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर गॉगल नि गळ्यात साखळी, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. तलवारीनं केक कापावा तर पोलीस गुन्हा दाखल करतात. जपानी मामला स्वस्तातला : काळा सूट, पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि तोंड बंद. मेहुणीचं लग्न लातूरला होतं. लातूरकरांनी बाभळगावच्या रितेश देशमुखला २०१४ साली ‘लय भारी’मध्ये डोक्यावर घेतलं होतं, मी तर त्यांचा हक्काचा जावई. वजिराबादेतून सूट घेतला, डाव्या करंगळीला जाड पट्टी गुंडाळली. आत पेर आहे की नाही, ते बघणाऱ्यानं ठरवावं.

मे महिना. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातुरात शिरेपर्यंत सुटाचं अस्तर पाठीला चिकटलं होतं. मंगल कार्यालयात पाऊल टाकलं तसा सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि पोरांना मागं ओढलं. “जावयाचे डोळे आलेत. जवळ जाऊ नका रे.”

मी गॉगल काढला नाही. चुरमुऱ्यांच्या सुशीलाची प्लेट आली, ती हातानंच परत केली. खांबाला टेकून एकेकाकडे रोखून बघत राहिलो. पट्टीमुळे करंगळी वाकत नव्हती, ती ताठ उभी. थोड्या वेळानं बायकोचा चुलतभाऊ कानाशी आला. “दाजी, तिकडं मागं हाय. पाणी बी हाय.” मी त्याच्याकडे तशीच नजर लावली. त्यानं घाईघाईनं माझा दंड धरला आणि मला थेट मुतारीच्या दारात नेऊन सोडलं.

परत येतो तो कार्यालयात वेगळीच कुजबुज. “जावई बोलनात की हो!” “सकाळपासनं फुगून बसलालेत.” “सुशीला बी खाल्ली न्हाई.” काळे कपडे, कडक नजर, मुखात शब्द नाही, अन्न नाकारलं : याला जपानात काहीही म्हणोत, लातुरात याचा एकच अर्थ. जावई रुसला!

मग तडजोडीला तीन चुलत सासरे आले. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, तिघेही सत्तरीपुढचे. खुद्द जपानातही आता असंच चित्र आहे. १९६३ साली तिथं पावणेदोन लाखांवर याकुझा होते. आता वीस हजारही उरले नाहीत आणि त्यातले निम्म्याहून जास्त पन्नाशी ओलांडलेले. नव्या नियमांमुळे त्यांना स्वतःच्या नावे बँकेत खातं किंवा मोबाइल मिळणंही मुश्किल. माझ्यासमोरच्या तिघांची मात्र जिल्हा बँकेत खाती होती आणि दरारा शाबूत होता. थोरल्यांनी हात जोडले. “जावईबापू, काय चुकलं असंल तर पोटात घाला. मान ऱ्हाईला असंल तर सांगा.”

बोलावं तर रुबाब जातो, म्हणून मी आणखी गप्प बसलो. त्याचा भलताच परिणाम झाला. थोरल्यांनी धाकट्याला खूण केली आणि नवऱ्या मुलासाठी केलेल्या दोन अंगठ्यांपैकी एक माझ्यापुढे आली. अनामिकेत ती अर्ध्यावर अडली. उजव्या करंगळीत मोती होता, राग आवरावा म्हणून ज्योतिषानं घालायला लावलेला. “डाव्या करंगळीत घाला की,” म्हणत थोरल्यांनी पट्टीचं टोक धरलं.

याकुझांच्या इमानदारीचं पितळ उघडं पाडणाऱ्या, दिग्दर्शक फुकासाकूच्या १९७३ च्या सिनेमात कापलेलं बोट अंगणात उडून जातं आणि भलेभले गुंड ते हुडकत फिरतात. सापडतं ते कोंबडीपाशी. तेवढी फजिती मला चालली असती. इथं पट्टीचे वेढे एकेक करून सुटत गेले. सगळं वऱ्हाड वाकून बघत होतं. आतून नखासकट, पावडर लावलेली, गुबगुबीत करंगळी बाहेर आली.

“बोट तर धडधाकट हाय की!” सासूबाई म्हणाल्या.

जपानात बोट जातं, पण इज्जत वाचते. माझं बोट वाचलं. तिघांच्याही नजरेत ताकाकुरा उतरला होता. मी गॉगल खिशात घातला आणि विचारलं, “जिलेबी वाढायला घेऊ का?”

अंगठी थोरल्या साडूला गेली. तो सकाळपासून पंगतीत मठ्ठा वाढत होता आणि सगळ्यांशी बोलत होता.