पांढऱ्या पडद्याचा वैद्य

भाऊचे खरे नाव त्याच्या आधार कार्डावर आहे. बाकी चामोर्शीला तो नुसता भाऊ. झेरॉक्स, रिचार्ज, सातबारा, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका आणि सगळ्यांत खाली, दुकानाच्या फ्लेक्सवर जागा उरली म्हणून, ‘ॲप बनवून मिळेल’. त्या शेवटच्या ओळीने त्याचे आयुष्य बदलले.

गडचिरोली-आष्टी रस्त्यावरच्या गावांत आता प्रत्येकाचे पोट कुठल्या ना कुठल्या ॲपवर चालते. अंगणवाडीच्या बाईंना बालकांची वजने भरायची असतात, शेतकऱ्याला धानाचा फोटो चढवायचा असतो, पेन्शनवाल्याला शिल्लक बघायची असते. आणि ऐन वेळी पडदा पांढरा पडतो. धड चूक दाखवत नाही, धड बंद होत नाही. नुसता पांढरा. मग भाऊ.

भाऊ आधी मोबाईलची काच शर्टाला पुसतो. मग वैद्याने नाडी धरावी तसा अंगठा पडद्यावर ठेवून विचारतो, “कवापासून होऊन राह्यलं जी?” उत्तर काहीही आले तरी निदान ठरलेले: “कॅशे भरली असन.” कॅशे हा प्रकार चामोर्शीत कोणी पाहिलेला नाही, पण तो भरतो यावर सगळ्यांची श्रद्धा आहे. एका गोष्टीसाठी मात्र मी भाऊला मानतो. कॅशेच्या शेजारीच सगळा डेटा पुसायचे बटण असते, आणि तिकडे त्याचे बोट चुकूनही जात नाही. टॉवरअभावी न गेलेल्या नोंदी मोबाईलमध्येच पडून असतात. ते बटण दाबले की बाईंची महिनाभराची वजने क्षणात स्वर्गवासी.

भाऊचा सुवर्णकाळ म्हणजे मार्च २०२१. अनेक ॲप आपली काही पाने स्वतः दाखवतच नाहीत. ती अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू नावाच्या एका सामाईक खिडकीतून दाखवतात. खिडकी एकच, बघणारे शंभर. त्या महिन्यात या खिडकीचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि जीमेलपासून कितीतरी ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली. उपाय एवढाच होता: सेटिंगमध्ये जाऊन वेबव्ह्यूचे अपडेट काढून टाकायचे. भाऊने तो कुठल्याशा व्हिडिओत पाहिला आणि दुकानापुढे रांग लागली. थोड्याच वेळात गूगलने दुरुस्त अपडेट पाठवले. मग भाऊने त्याच रांगेला ते बसवूनही दिले. काढायचे पैसे वेगळे, टाकायचे वेगळे.

तेव्हापासून कोणत्याही दुखण्यावर तो आधी वेबव्ह्यूला हात घालतो. एकदा चार्जरची पिन तुटलेला मोबाईल आला होता. त्याचेही अपडेट काढून झाले, मग पिन.

पण खरी कसोटी लागली ती त्याच्या स्वतःच्या ॲपने. महाशिवरात्रीला मार्कंडादेवला जत्रा भरते. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, काठावर कोरीव देवळांचा समूह आहे, आणि माणसे वाढली की नेटवर्क बसते. म्हणून भाऊने देवळांची माहिती, फोटो आणि बसच्या वेळा अशी सगळी पाने ॲपच्या आतच भरून दिली. नेट नको, टॉवर नको. कल्पना खरोखर हुशारीची होती. लोकांनी ॲप उघडले तर फोटोंच्या जागी फाटक्या चित्राची खूण. सगळ्यांनी सवयीने मोबाईल आभाळाकडे धरले. भाऊ सांगून थकला की याला टॉवर लागतच नाही. “नेट नाही तं ॲप कायचं?” असा सवाल आला आणि त्यावर भाऊकडे उत्तर नव्हते. एकच होते: “मा लॅपटॉपवर तं चालते ना जी!”

शेवटी दुकानात परतून त्याने मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपच्या क्रोममधून मोबाईलमधल्या ॲपच्या पोटातले पान तपासता येते, ही विद्या त्याला ठाऊक होती. फक्त ती गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर वापरायची आणि आपल्यावर नाही, असा त्याचा समज होता. लाल ओळींची माळ समोर आली. फोटोंचा पत्ता भाऊच्या घरच्या लॅपटॉपचा होता: डी ड्राइव्ह, त्यात ‘न्यू फोल्डर टू’. वैनगंगेच्या काठावर उभा असलेला प्रत्येक मोबाईल भाऊच्या घरी जाऊन फोटो शोधत होता.

पत्ते बदलले. निम्मे फोटो आले, निम्मे हटून बसले. भाऊने वेबव्ह्यूचे अपडेट काढले, पुन्हा टाकले. बाकावर एक निवृत्त गुरुजी बँकेचे ॲप उघडत नाही म्हणून कधीचे बसले होते. त्यांनी चष्मा वर करून लाल ओळी वाचल्या. “अरे, इथं मार्कंडाचा एम मोठा काढलास आणि फोटोच्या नावात लहान. खाली जेपीजी मोठं, वर लहान. असं कोण लिहिते?”

विंडोज अशा चुका पोटात घालते. अँड्रॉइडच्या लेखी मोठा एम आणि लहान एम म्हणजे दोन वेगळे फोटो, आणि त्यातला एक अस्तित्वातच नाही. भाऊने नावे सारखी केली, सगळी देवळे उगवली. बसच्या वेळांचे बटण तेवढे मेलेले होते. वेबव्ह्यूच्या खिडकीत अशी बटणे चालवणारी जावास्क्रिप्ट मुळातच बंद असते, ती ॲप लिहिणाऱ्याने चालू करायची असते. एका ओळीचे काम, ते त्याने गुपचूप करून टाकले.

गुरुजींचे बँकेचे ॲप त्या दिवशी उघडले नाही. “कॅशे भरली असन,” एवढेच त्यांना कळले.

आता भाऊच्या उपचारांत कॅशेच्याही आधी स्पेलिंग आले आहे. रिचार्ज अडकला, सातबारा निघत नाही, ओटीपी येत नाही, पहिला प्रश्न, “कॅपिटल पडला का जी?” आणि समोरच्याला काही उमगले नाही की भाऊ रस्त्याकडे बोट दाखवतो, “थे गुरुजी पाहून देतीन.” गुरुजी अलीकडे दुकानासमोर आले की सायकलवरून उतरत नाहीत, उलट जोरात पायडल मारतात.