सीआरएम निवडण्याचे शास्त्र, येणेबाकीसह

लघुउद्योजकाने सीआरएम, म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर, घेताना आधी काय पाहावे याबाबत विक्रेते आणि शास्त्र यांच्यात मतभेद आहेत. विक्रेते म्हणतात, डॅशबोर्ड पाहा. शास्त्र म्हणते, मालक पाहा. भोसरीपासून सातपूरपर्यंतच्या एमआयडीसींत मालकांचा एक प्रकार आढळतो. आपल्याला विक्री वाढवायची आहे, असे तो सांगतो. खरे तर त्याच्या वतीने पार्टीकडे पैसे मागेल असे एक यंत्र त्याला हवे असते, आणि पार्टी चिडलीच तर तिने यंत्रावर चिडावे अशी त्याची माफक अपेक्षा असते. ही मागणी कोणत्याच माहितीपत्रकात छापलेली नसते, म्हणून डेमोच्या आधी ती कागदावर लिहून घ्यावी. प्रस्तुत विवेचनाचा सिद्धान्त तीवरच उभा आहे. छोट्या धंद्यात ग्राहकाशी असलेल्या संबंधाची सर्वांत खरी नोंद त्याच्या खात्यात असते. तेव्हा हिशेबाला जोडलेले सीआरएम एकाच कसोटीवर घासावे: येणेबाकीची वाईट बातमी पुढची ऑर्डर घेण्याआधी विक्री प्रतिनिधीच्या मोबाइलवर पोचते का?

ही कसोटी कोणाला कोत्या मनाची वाटली, तर त्याने एक बिल मांडून पाहावे. रबरी सील बनवणाऱ्या कारखान्याने १,००,००० रुपयांचा माल १८ टक्के कराने दिला की बिल होते १,१८,००० रुपयांचे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या मालकाला त्यातले १८,००० रुपये, स्वतःच्या खरेदीवरचा कर वजा करून का होईना, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारला पोचवावे लागतात. पार्टीने पैसे दिले की नाही, हे सरकार विचारत नाही. पार्टी दरम्यान तेवढ्याच १८,००० रुपयांचे क्रेडिट घेऊन मोकळी झालेली असते. म्हणजे उधारीत माल तर जातोच, वर पार्टीचा करही मालक आपल्या सीसी लिमिटमधून, बँकेला व्याज देऊन, भरत बसतो. नेमक्या त्याच आठवड्यात त्याचा प्रतिनिधी त्याच पार्टीकडे चहा पिऊन आणखी दोन लाखांची ऑर्डर आणतो, शाबासकी घेतो आणि सीआरएमच्या पडद्यावर ती पार्टी हिरव्या रंगात झळकू लागते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे टॅलीत, ती लालच असते. हे दोन रंग एकमेकांना भेटत नसतील, तर सॉफ्टवेअर कितीही महागाचे असो, ते फक्त बुडीत खात्याकडे जायचा वेग वाढवते.

नियम पहिला: पार्टीचे बारसे एकदाच करावे. टॅलीत 'श्री गणेश ट्रेडर्स', सीआरएममध्ये 'गणेश ट्रेडर्स चाकण', प्रतिनिधीच्या फोनमध्ये 'गणेशवाले भाऊ' आणि कोणीतरी कधीतरी उघडलेले 'गणेश ट्रेडर्स नवीन' ही चार नावे एकाच इसमाची आहेत, हे कोणत्याही जोडणीला आपण होऊन कळत नाही. ती निष्ठेने चार ग्राहक तयार करते आणि चौघांनाही दिवाळीच्या शुभेच्छा पाठवते. यावर उपाय जीएसटी क्रमांकाचा. तो पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. नाव कसेही लिहा, जुळणी क्रमांकावर करा. इथे एक बारकावा विक्रेता सांगत नाही. पार्टीची एक शाखा चाकणला आणि दुसरी वेर्ण्याला असेल, तर क्रमांक दोन आणि पॅन एक. बिल क्रमांकाप्रमाणे करावे, उधारीची मर्यादा मात्र पॅनवर लावावी. नाहीतर चाकणला अडवलेली पार्टी गोव्याच्या नावाने माल उचलते, आणि प्रतिनिधी त्याला 'नवीन ग्राहक जोडला' म्हणतो. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला मोबाइल क्रमांकावर ओळखावे.

नियम दुसरा: टॅलीवाल्या मॅडमना डेमोला बसवावे. त्यांना कोणी बोलावत नाही. मालक, मालकाचा भाचा आणि विक्रेता असे तिघे मिळून निर्णय घेतात, आणि ज्या बाईंच्या नोंदींवर सगळे चालणार त्यांना तो वार्षिक शुल्काचे बिल आल्यावर कळतो. बँकेच्या उताऱ्यात ५०,००० रुपये जमा दिसले आणि कोणत्या बिलापोटी ते पार्टीने कळवले नाही, की मॅडम ती रक्कम 'ऑन अकाउंट' टाकतात. त्यांची चूक नाही, दुसरे काय करणार? एकूण बाकी बरोबर येते, पण बिलवार यादीत जुने बिल थकलेलेच राहते. ते बघून सीआरएम, परवाच पैसे दिलेल्या पार्टीला, 'आपले बिल १२० दिवस थकीत आहे' असा व्हॉट्सॲप संदेश पाठवते. पार्टी तो संदेश हात जोडल्याच्या चिन्हासह मालकाला पुढे धाडते. त्या जोडलेल्या हातांइतके अपमानकारक व्यापारात दुसरे काही नाही. म्हणून विचारावे: सॉफ्टवेअर एकूण बाकी वाचते की बिलवार? बिलवार वाचत असेल, तर प्रत्येक जमा त्या त्या बिलाच्या समोर लावण्याची शिस्त आधी, स्मरणपत्रे नंतर. दरफरकाचे ३४० रुपये मागायला संदेश जाऊ नये म्हणून किमान रकमेची अटही घालता यावी. बाकी, कोण दहा तारखेनंतरच पैसे सोडतो, कोणाकडे थोरल्या भावाशी बोलायचे आणि धाकट्याशी बोलून उपयोग नाही, हे सगळे मॅडमना तोंडपाठ असते. त्यासाठी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही. 'शेरा' लिहायची जागा तेवढी ऐसपैस आहे का, हे पाहून घ्यावे.

नियम तिसरा: 'रिअल टाइम' या शब्दाची वेळ विचारावी. टॅली बहुतेक ठिकाणी ऑफिसातल्या एका संगणकावर असते, आणि बाहेरचे सॉफ्टवेअर तिच्याशी बोलते ते साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून, तेही टॅली उघडी असेल तरच. संध्याकाळी सहाला मॅडम, वीज वाचवा या मालकाच्याच पाटीला मान देऊन, पंखा, दिवा आणि संगणक बंद करून घरी जातात. तिथून दुसऱ्या दुपारपर्यंत ढगातले सॉफ्टवेअर ढगातच असते. यात फारसे बिघडत नाही. छोट्या धंद्याला कालची बाकी पुरते. पण ती कालची आहे, हे आकड्याशेजारी लिहिलेले हवे.

नियम चौथा: भाडे माणशी दरमहा असते, भाच्याला लॉगिन देऊ नये.

नियम पाचवा: सोडून जाताना सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का, हे आत शिरतानाच विचारावे.

आता आक्षेप. पहिला असा की ग्राहक म्हणजे काही केवळ येणेबाकी नव्हे, संबंधात विश्वास असतो, जिव्हाळा असतो. मान्य, आणि म्हणूनच रस्ता दुहेरी हवा. पार्टीने पैसे अडवले त्यामागे पुष्कळदा तिचे गाऱ्हाणे असते: दोनशे सील मापात बसले नाहीत, परत नेतो म्हणालात, नेले नाहीत, क्रेडिट नोटही नाही. हे गाऱ्हाणे प्रतिनिधीच्या फोनमध्ये पडून असते आणि मॅडम बिचाऱ्या पूर्ण रकमेसाठी फोन करत राहतात. तक्रार उघडी असेल तर ती खात्यासमोर दिसावी आणि तेवढ्या बिलाचे स्मरणपत्र थांबावे. जिव्हाळ्याचा याहून चांगला पुरावा माहीत नाही. दुसरा आक्षेप, सगळे डोक्यात आहे, हवे कशाला? धंदा एकट्याचा असेल तर आक्षेप बिनतोड आहे, वही पुरेल. माल विकणारा आणि हिशेब लिहिणारा या दोन व्यक्ती झाल्या, की त्या दिवसापासून डोके अपुरे पडते. उलाढाल किती, याचा इथे संबंध नाही. तिसरा आक्षेप जाणकारांचा: जोडणी करताच कशाला, झोहोसारख्या एकाच घरचे सीआरएम आणि हिशेब दोन्ही घ्या, भांडणच मिटेल. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. पण सीएंच्या ऑफिसात टॅलीचीच फाइल लागत असेल, तर मार्चएंडला तोच हिशेब दुसऱ्यांदा लिहावा लागतो आणि तो कोण लिहितो? मॅडम. म्हणून आधी सीएंना विचारावे.

राहिला मूळ प्रश्न, मालकाचा. कायदा त्याच्या बाजूला कधीच येऊन बसला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३बी(एच) घालून ही मुदत उलटली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळणार नाही अशी सोय केली. (निव्वळ व्यापार करणाऱ्याला हा लाभ नाही, सील बनवणाऱ्याला आहे.) तरीही मालक, आपण लघुउद्योग आहोत हे पार्टीला सांगणारा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर छापत नाही. का? पार्टीला काय वाटेल! पार्टीला काय वाटेल याची एवढी काळजी असलेल्या माणसाला ग्राहकसंबंधांचे सॉफ्टवेअर विकणे म्हणजे खरे तर कमालच आहे. उधारीची मर्यादा ओलांडली की ऑर्डर अडवायची सोय पुष्कळ सॉफ्टवेअरांत असते, आणि मालकाच्या परवानगीने ती सोडवायचीही असते. हे दुसरे बटण किती वेळा दाबले गेले त्याचा मासिक अहवाल निघतो का, हे पाहावे. निघत असेल तर तो मालकाच्या आधी घरातल्या दुसऱ्या भागीदाराला जाईल अशी व्यवस्था करून घ्यावी आणि सॉफ्टवेअर खुशाल घ्यावे. मालकाची तेवढी तयारी नसेल, तर सर्वांत स्वस्त असेल ते घ्यावे; परवानगी देण्याचे काम सगळीच सारखे चोख करतात.