भावोजी, मुहूर्त तुम्हीच काढावेत

आदरणीय भावोजींस,


घरातल्या निम्म्या माणसांना गर्दी सोसत नाही हे पक्कं ठाऊक असताना थीम पार्कची सहल १५ ऑगस्टला काढायची, याला छाती लागते. २०२५ साली तो शुक्रवारी आला, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. अख्ख्या पुण्या-मुंबईला जो दिवस सापडला तोच नेमका तुम्हालाही सापडला, याबद्दल आधी अभिनंदन.

आमचे बाबा कसे आहेत, हे तुम्ही लग्नापासून बघताय. पुण्यात राहून विसर्जन मिरवणूक टीव्हीवर बघणारा माणूस. बुफेची रांग दिसली की पाकीट नवरदेवाच्या हातात कोंबून घरी येतात आणि पिठलं-भात खातात. माझा धाकटा मिक्सर लागला तरी कानांवर हात ठेवतो. अशा दोघांना घेऊन तुम्ही नऊ वाजता आरामात निघालात, कारण 'इतक्या लवकर जाऊन करायचंय काय?' बोरघाटात गाडी ठप्प झाल्यावर त्याचं उत्तर मिळालं. तिथे मात्र भरपूर वेळ होता.

बरं, गर्दीचा अंदाज नव्हता म्हणावं, तर ते पिवळे टी-शर्ट! 'कोणी हरवू नये म्हणून' सगळ्यांना एकसारखे, आधीच शिवून-छापून तयार. कोर्टात याला पूर्वनियोजित म्हणतात. आणखी एका कुटुंबालाही पिवळाच रंग सुचला होता आणि आई बराच वेळ त्यांच्यामागून चालत राहिली. ती माणसं फार चांगली होती, असं ती अजून सांगते. त्यांनी तिला सावलीत बसवून सरबत पाजलं.

रांग चुकवायचा जादा पैशांचा पास मिळत होता. 'आपण काय पैसे उधळायला आलोय?' म्हणालात. मग काय, लोखंडी दांड्यांमधून इकडून तिकडे. प्रत्येक वळणावर समोर तेच काका, हातात तोच वेफर्सचा पुडा; फक्त वेफर्स कमी झालेले. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली लिहून ठेवलंय की डोकं कशात तरी गुंतलं की वाट पाहणं कमी लांब वाटतं. तुम्ही ते मनावर घेतलंत. नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया, पार्किंगचे वेगळे पैसे, हप्ता. मेस्टर तुम्हाला भेटले नव्हते.

'डिस्नीलँडमध्येसुद्धा गर्दी असतेच,' हे जेवणाच्या रांगेतलं तुमचं वाक्य. असते ना. १७ जुलै १९५५ला, उद्घाटनाच्याच दिवशी, लोक नकली पास घेऊन घुसले आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. पण १९९९ साली त्यांनी फास्टपास काढला: वेळ नेमून घ्या, भटका, त्या वेळी परत या. म्हणजे त्यांनाही चव्वेचाळीस वर्षं लागली. तुमच्यासाठी आम्ही एवढं थांबू, पण बाबांचं वय बघा.

खरं तर काम सोपं होतं. शाळा सुरू असतानाचा मंगळवार किंवा बुधवार धरायचा. गेट उघडायच्या आधी दारात. जिथे तोबा गर्दी होते त्या राइड्स पहिल्या तासात उरकायच्या, जेवण सगळ्यांच्या आधी, आणि बाबांना टेकायला एक बाक हेरून ठेवायचं. धाकट्याच्या शाळेत एक दिवसाचा ताप कळवला असता. पण 'शाळा बुडवायची?' म्हणून तुम्ही केवढे दुखावलात! तत्त्वाचा माणूस.

आता ग्रुपवर तुमचा नवा बेत आलाय. टोकियो डिस्नीलँड, २९ एप्रिल ते ५ मे. भावोजी, हा जपानचा गोल्डन वीक. लागोपाठच्या सरकारी सुट्ट्या, सगळा देश घराबाहेर. पंचांग न उघडता हे मुहूर्त तुम्हाला सापडतात कसे?

बाबांचा पासपोर्ट सापडत नाहीये, असं आईने तुम्हाला कळवलंच असेल. तो माझ्या कपाटात आहे आणि तिथेच राहील.

तुमची,
पिवळा टी-शर्ट, एक्सएल
(मापही न विचारता शिवलेला)