एरर १३२७ आणि माझी प्रतिष्ठा

नातेवाइकांच्या प्रत्येक गोतावळ्यात एक माणूस असा असतो की ज्याच्याबद्दल बाकीचे "त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं" असं म्हणतात, आणि तो मान जरा खाली घालून "छे हो, तसं काही नाही" म्हणतो. फक्त ते 'छे' तो पुरेसं पटण्याजोगं म्हणत नाही. मी त्या जमातीचा. आमच्या जमातीचं भांडवल म्हणजे ज्ञान, असा समज आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आमचं भांडवल म्हणजे वाईट लिहिलेले एरर संदेश. पुरावा म्हणून मी विंडोजची एरर १३२७ सादर करतो. प्रिंटरसोबतचं सॉफ्टवेअर असो की हिशेबाचं पॅकेज, इन्स्टॉल करायला घ्यावं, हिरवी पट्टी थोडी सरकावी आणि मधेच चौकट यावी: अवैध ड्राइव्ह, एफ. बरं, प्रोग्रॅम टाकायचा असतो सीवर. सीवर जागा मोप. एफचं नाव कोणी काढलेलं नसतं, आणि त्या मशीनला एफ नावाचा ड्राइव्हच नसतो. मग आमच्यापैकी कोणाला तरी फोन जातो. त्या फोनमधलं पहिलं वाक्य जगभर एकच असावं: "अरे, मी काहीही दाबलेलं नाही." यावर आम्ही गालातल्या गालात हसतो. 'काहीही दाबलं नाही' असं म्हणणारा माणूस काहीतरी दाबून बसलेला आहे, हे आमच्या जमातीचं पहिलं गृहीतक. आमचा निम्मा रुबाब या गृहीतकावर चालतो. एरर १३२७ च्या बाबतीत ते सपशेल खोटं आहे.

कारण असं. तुमची कागदपत्रं, चित्रं, गाणी कुठे ठेवायची याची एक यादी विंडोज आपल्या अंतर्गत नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, ठेवतं. 'यूजर शेल फोल्डर्स' हे त्या कप्प्याचं नाव. सी भरत आली म्हणून कधीतरी कोणीतरी 'डॉक्युमेंट्स'चा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवतो. किंवा कार्यालयातला यंत्रणा सांभाळणारा माणूस सगळ्यांची कागदपत्रं सर्व्हरवर जावीत म्हणून तो पत्ता एका नेटवर्क ड्राइव्हवर वळवतो. पुढे ती डिस्क बिघडते, कोणीतरी काढून नेतं, नोकरी सुटते, लॅपटॉप घरी येतो. नोंद मात्र तशीच राहते. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असावं आणि वारसनोंद करायची राहून गेली म्हणून नातवाचं कर्ज अडावं, तसा हा प्रकार. रोजच्या वापरात याचा पत्ता लागत नाही, कारण रोज कोणी त्या फोल्डरचं नाव घेत नाही. इन्स्टॉलर घेतो. ऑफिस २००० सोबत १९९९ मध्ये आलेला 'विंडोज इन्स्टॉलर' एकही फाइल उतरवण्याआधी कुठल्या ड्राइव्हवर किती जागा लागेल याचा हिशेब मांडतो. त्यासाठी पॅकेजच्या यादीत उल्लेख असलेल्या सगळ्या फोल्डरांचे खरे पत्ते तो शोधून काढतो. तिथे त्याला काही ठेवायचं आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. नुसता उल्लेख पुरतो. पत्ता एफवर निघाला, एफ जागेवर नाही, की काम थांबलं. तेव्हा फोनवरच्या माणसाने खरोखरच काही दाबलेलं नसतं. दाबणाऱ्याने ते कितीतरी आधी, चांगल्या हेतूने दाबलेलं असतं. आणि बहुतेक वेळा तो दाबणारा आमच्याच जमातीचा असतो.

आता अक्षरांबद्दल थोडं बोलू द्या. समोरासमोर या विषयावर मला कोणी बोलू देत नाही. मुख्य डिस्कला सी का म्हणतात? पहिल्या दोन खोल्या आधीच्या भाडेकरूंनी अडवल्या होत्या म्हणून. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपीचे ड्राइव्ह एक किंवा दोन, ए आणि बी. १९८३ मध्ये 'एक्सटी' आला, त्यात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, तिच्या वाट्याला तिसरं अक्षर आलं. (दहा मेगाबाइट! आज फोनवर काढलेली फुलांची चारदोन छायाचित्रं त्यात मावायची नाहीत.) अक्षरांची ही रीतही पीसीची स्वतःची नव्हे. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या आधीच्या कार्यप्रणालीत ती होती. त्याच साच्यावर टिम पॅटरसनने १९८० मध्ये ८६-डॉस लिहिलं, ते मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि पीसीबरोबर विकलं. सीपी/एमच्याही मागे गेलं तर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या सीएमएसमध्ये, १९६० च्या दशकात, डिस्कना अक्षरं दिलेली सापडतात. डॉसची एक गंमत तर मला फारच आवडते. मशीनला फ्लॉपीचा ड्राइव्ह एकच असेल तर डॉस त्यालाच ए म्हणत असे आणि त्यालाच बीसुद्धा. 'आता बीची फ्लॉपी घाला' असं तो सांगे, आणि माणूस आज्ञाधारकपणे त्याच फटीत दुसरी फ्लॉपी सारत असे. म्हणजे नसलेला ड्राइव्ह आहे असं मानून चालण्याचा संस्कार या घराण्यात जुना आहे. मग एफ कुठून आला? डॉस मुळात ईपर्यंतची अक्षरं स्वतःसाठी राखून ठेवत असे. कार्यालयांमध्ये नॉव्हेलचं नेटवेअर हे नेटवर्कचं सॉफ्टवेअर आलं, त्याने त्यापुढचं पहिलं अक्षर उचललं. 'एफला जाऊन लॉगिन करा' हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांचे केस आता बहुधा माझ्यासारखेच विरळ झाले असतील. पुढे फ्लॉपी गेल्या. सोनीने साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये बंद केली. ए आणि बी रिकामे पडले. सीला मात्र अजून बढती मिळालेली नाही. युनिक्सच्या घराण्यात ही भानगडच नाही. तिथे सगळं एका मुळापासून फुटतं आणि नवी डिस्क त्याच झाडाची फांदी होते. विंडोजच्याही पोटात, विंडोज एनटीपासून, डिस्कांना स्वतःची लांबलचक खरी नावं आहेत. सी, डी, एफ ही त्यांच्याकडे बोट दाखवणारी टोपणनावं, आपल्या सवयीखातर जपलेली.

हे विषयांतर अगदीच फुकट नाही. एररचं मूळ त्या टोपणनावांतच आहे. रजिस्ट्रीतली नोंद खऱ्या नावाने होत नाही, टोपणनावाने होते; आणि टोपणनावं हस्तांतरणीय आहेत. एखादा पेनड्राइव्ह आधीच लावून ठेवला असेल तर बाहेरची हार्ड डिस्क, जी काल एफ होती, ती आज जी होऊन बसू शकते. डिस्क तीच, त्यातली कागदपत्रं तीच, आणि इन्स्टॉलर म्हणतो एफ नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला जुनं अक्षर परत दिलं की सगळं सुरळीत.

नेटवर्कच्या ड्राइव्हची तऱ्हा याहून निराळी. तो खिडकीत दिसतो, त्यावर टिचकी मारली की उघडतो, आतल्या फाइली वाचता येतात, आणि इन्स्टॉलर शांतपणे सांगतो की असा ड्राइव्ह नाही. दोघेही खरं बोलत असतात. विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्ह हा मशीनचा नसतो, लॉगिन केलेल्या त्या त्या सत्राचा असतो. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ च्या सुमारापासून, प्रशासकाचे अधिकार असलेल्या माणसालाही दोन सत्रं मिळतात: एक साधं, एक वाढीव अधिकारांचं. पडदा काळवंडून 'परवानगी द्यायची का?' असं विचारलं जातं तेव्हा आपण पहिल्यातून दुसऱ्यात जातो, आणि पहिल्यात जोडलेला ड्राइव्ह पहिल्यातच राहतो. शिवाय इन्स्टॉलरची सेवा खुद्द सिस्टिमच्या खात्यावर चालते. तिला तुमच्या ड्राइव्हशी काय देणंघेणं? यावर 'एनेबल लिंक्ड कनेक्शन्स' नावाची रजिस्ट्रीतली नोंद १ करून मशीन पुन्हा सुरू करणं हा एक उपाय आहे, वाढीव अधिकारांच्या खिडकीतून तोच ड्राइव्ह पुन्हा जोडणं हा दुसरा. हे उपाय मी फोनवर सांगतो तेव्हा माझा आवाज किंचित घोगरा होतो. पलीकडच्याला त्यातलं अवाक्षर कळत नाही, आणि तेच मला हवं असतं.

माझा आरोप एवढाच की मशीनला हे सगळं ठाऊक असतं. हेच इन्स्टॉलेशन सविस्तर लॉग लिहिण्याची आज्ञा देऊन चालवून पाहा. लॉगमध्ये एकेक फोल्डर आणि त्याचा पत्ता ओळीने लिहिलेला सापडतो: 'पर्सनल फोल्डर'ची किंमत अमुक, ती एफवर आहे, आणि त्याच्या पुढे कुठेतरी १३२७. कोणी, कुठून, कशासाठी एफचं नाव घेतलं ही माहिती यंत्राच्या हातात असते, आणि चौकटीत ते फक्त शेवटचं अक्षर ठेवतं. एक जास्तीची ओळ लिहिली असती तर? 'तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरचा पत्ता एफ ड्राइव्हवर आहे. तो ड्राइव्ह आता जोडलेला नाही. जोडा किंवा पत्ता बदला.' दहावी झालेल्या कोणालाही हे समजेल. माझी फोनवरची किंमत तेवढ्याने निम्म्यावर येईल, म्हणून हा आरोप मी करतोय याबद्दल मला थोडं श्रेय द्यावं, अशी अपेक्षा आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की नसलेल्या जागेचा पत्ता दिसल्यावर थांबणं हाच इन्स्टॉलरचा धर्म. अर्धवट उतरवलेल्या प्रोग्रॅमपेक्षा न उतरवलेला बरा. मान्य. थांबू नये असं मी म्हणतच नाही. थांबण्याचं कारण सांगावं, एवढंच म्हणतो. दुसरा आक्षेप आमच्या जमातीचा लाडका: एवढा तपशील दिला तर सामान्य माणूस घाबरेल. '१३२७' या आकड्याने तो निर्धास्त होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तो आकडा वाचून दाखवणारा आवाज ऐकावा. तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: कशाला एवढा खल, 'सब्स्ट' नावाची आज्ञा वापरून सीवरच्याच एखाद्या फोल्डरला घटकाभर एफ म्हणवून घ्या, इन्स्टॉल करा, मोकळे व्हा. चालतं, नाही असं नाही. मात्र ही आज्ञासुद्धा योग्य त्या सत्रातून द्यावी लागते, नाहीतर तो तोतया एफही इन्स्टॉलरला दिसत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं की तोतया नाहीसा होतो आणि चुकीची नोंद जागच्या जागी राहते, पुढच्या इन्स्टॉलरची वाट पाहत. त्यापेक्षा रजिस्ट्री बदलण्याचं 'रेगएडिट' उघडून, आधी त्या 'यूजर शेल फोल्डर्स' कप्प्याची प्रत बाजूला काढून ठेवून, एफने सुरू होणाऱ्या ओळी खऱ्या पत्त्यावर आणलेल्या बऱ्या.

त्या कप्प्याच्या शेजारीच 'शेल फोल्डर्स' नावाचा दुसरा कप्पा आहे, आणि त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक नोंद करून ठेवली आहे: ही रजिस्ट्री की वापरू नका. आपल्याकडे भिंतीवर 'येथे जाहिराती लावू नयेत' ही जाहिरात लावतात, त्याच परंपरेतलं हे. मायक्रोसॉफ्टमध्येच काम करणाऱ्या रेमंड चेन यांनी २००३ मध्ये या कप्प्याची कर्मकहाणी लिहिली आहे: विंडोज ९५ तयार होत असताना केलेली तात्पुरती सोय, १९९४ सालच्या चार प्रोग्रॅमांची अडचण होऊ नये म्हणून ठेवली, ती कायमची राहिली. चार प्रोग्रॅमांसाठी एवढा जिव्हाळा दाखवणाऱ्या यंत्रणेला माणसासाठी एक ओळ जड व्हावी, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण 'अवैध' म्हणणारी ती चौकट आमच्यासारख्यांना काही करत नाही. आम्ही उलट खुलतो. निवृत्तीनंतर नेटाने कॉम्प्युटर शिकलेली बाई, दुकानाचा हिशेब वहीतून यंत्रावर आणू पाहणारा गृहस्थ, यांना ती चौकट आपल्यावरचा ठपका वाटते. ते आधी माफी मागतात, मग प्रश्न विचारतात. काही जण प्रश्न विचारणंही सोडतात, कारण पुन्हा पुन्हा कोणाला तरी त्रास द्यायचा म्हणजे संकोच वाटतो. आणि त्या संकोचात आमच्या गालातल्या हसण्याचा वाटा किती, याचा हिशेब कुठल्याच लॉगमध्ये निघत नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं पाडणारी यंत्रणा वाईट, आणि तिच्या जिवावर शहाणं ठरणारा माणूस त्याहून वाईट.

असो. शेवटचा आक्षेप तरुणांचा: ड्राइव्ह आणि अक्षरं हा सगळा इतिहास झाला, आता सगळं क्लाउडवर. हा आक्षेप मला फार दिलासा देतो, कारण तो चूक आहे. विंडोजवर गूगल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर टाकून पाहा: ते एक नवा ड्राइव्ह उभा करतं, आणि अक्षर बदललं नाही तर तो जी असतो. त्यावर कोणीतरी हौसेने आपला 'डॉक्युमेंट्स' हलवणार, पुढे कधीतरी त्या खात्यातून बाहेर पडणार, जी नाहीसा होणार, आणि नोंद राहणार. माझ्या फोनला निदान एक पिढीभर तरी ददात नाही.