चाकूची चाकरी

सभ्य गृहस्थाच्या खिशातून तपकिरीची डबी निघाली, पानाची चंची निघाली, किंबहुना कोण्या दिवंगत मावशीने दिलेली अंगाऱ्याची पुडी निघाली, तरी आपल्या समाजात त्याची कोणी चौकशी करीत नाही. अडकित्ता निघाला तर उलट सुपारीच्या खांडाची याचनाच होते, आणि हेच हत्यार बोटाचे पेर सुपारीइतक्याच निर्विकारपणे कातरू शकते हा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही. परंतु त्याच खिशातून चार अंगुळे लांबीचा एक मिटलेला चाकू बाहेर आला, की भोवतालच्या मंडळींच्या चर्येवर फौजदारी कायद्याची छाया पसरते, आणि “हे कशाला बाळगता?” हा प्रश्न अशा स्वरात विचारला जातो की त्यात उत्तर ऐकण्याची इच्छा अल्प आणि जबानी नोंदवून घेण्याची तयारी अधिक असावी.

चाकूचा शौकीन मनुष्य अन्य बाबतींत कितीही गाफील असला, तरी कायद्याच्या बाबतीत चोख असतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली १९६२ साली जे नियम झाले, त्यांच्या परिशिष्टात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंची गणना शस्त्रांत केली होती, आणि त्यातूनही घरकाम, शेती, शास्त्र व उद्योग यांसाठी घडविलेली पाती वगळली होती, ही माहिती मी मागणी नसतानाही अनेकांना पुरविली आहे. माझ्या चाकूचे पाते त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही. (रामपूर शहराने २०२३ साली भर चौकात सुमारे २० फुटांचा जो चाकू उभा केला, तो या हिशेबाने कोठे बसतो हे सांगणे कठीण आहे, खिशात बसत नाही, एवढे निश्चित.) घरच्या दरबारात मात्र इंचांचा मुद्दा चालत नाही. तेथे “अहो, एवढे पैसे मोजलेत, त्याचा उपयोग काय?” हा एकच मुद्दा काढला जातो, त्यावर तोंडी जबाब ग्राह्य धरला जात नाही, आणि पुरावा हा रोजच्या रोज नव्याने दाखल करावा लागतो.

वस्तुतः चाकूची ही बेअब्रू अलीकडची आहे. एके काळी तो दफ्तरातला इमानी नोकर होता; कारकुनाच्या कलमदानात बोरू, दौत आणि वाळूची डबी यांच्या पंक्तीला त्याचेही पान मांडलेले असे, कारण बोरूचे टोक लिहून लिहून बोथटले की ते पुन्हा तासून, मध्ये चीर पाडून, त्याला तिरकी छाट दिल्यावाचून पुढची ओळ उमटणे शक्य नव्हते, आणि त्या छाटीत केसभर चूक झाली तर अक्षराची जाड-बारीक वळणे बिघडून मामलेदाराची खप्पा मर्जी होत असे. पुढे पोलादी टाक आला आणि बोरू गेला. तरी शिसपेन्सिलीच्या आधाराने चाकूने काही काळ कसाबसा निर्वाह केला. मग पोरासोरांच्याही बोटांत फिरणारे टोकयंत्र निघाले, ज्यात कौशल्याची गरज शून्य आणि टोक मोडण्याची खात्री संपूर्ण. आणि अखेर ज्या लेखणीला तासावेच लागत नाही ती बॉलपेन अवतरल्यावर चाकू पेन्शनीवाचून बडतर्फ झाला. तेव्हापासून त्याला कोठे ना कोठे चिकटवून देण्याची जबाबदारी आम्हां शौकिनांवर येऊन पडली आहे, आणि ती आम्ही कशी पार पाडतो याचीच ही कैफियत आहे.

सामान्य मनुष्य प्रथम काम पाहतो आणि मग हत्यार शोधतो. आमचा शिरस्ता याच्या नेमका उलट आहे. दुधाच्या पिशवीसाठी स्वयंपाकघरात खिळ्याला कात्री टांगलेली असते, आणि तरीही मी दिवाणखान्यातून तेथवर जातो, खिशात हात घालतो, पाते उघडतो, पिशवीचा कोपरा अशा कोनातून छेदतो की दुधाची धार सरळ पातेल्याच्या मध्यावर पडावी, नंतर पाते पुसतो, ते कोरडे झाले याची उजेडात खात्री करून घेतो आणि मिटतो. तोवर चहाचे आधण अर्धे आटलेले असते. मिठाईच्या पेटीवरील सुतळी हे एके काळी हक्काचे कार्यक्षेत्र होते, परंतु आमच्या घरी सुतळी कापायची नसून सोडायची असते, असा अलिखित वटहुकूम आहे, आणि सोडलेल्या सुतळ्यांचा जो गुंडा फडताळात वाढत चालला आहे त्याच्या आकारावरून माझ्या चाकूला किती संधी नाकारण्यात आल्या याचा अदमास करता येतो. सुदैवाने अलीकडे घरोघर पुठ्ठ्याची खोकी येऊ लागली आहेत. चिकटपट्टीच्या सांध्यावर पात्याचे केवळ अग्र टेकवून, आतील मालाला ओरखडा न काढता, एका ओढीत खोके उघडणे ही कला आहे. आणि खोके उघडून झाल्यावर, कोणीही सांगितलेले नसताना, ते रद्दीवाल्याच्या सोयीसाठी चारी कोपऱ्यांतून चिरून सपाट करणे हे व्यसन आहे. आमच्या इमारतीत शेजाऱ्यांकडे खोके आले की मी जिन्यात काही ना काही निमित्ताने उभा असतो, असा प्रवाद आहे. तो निराधार नाही.

चाकूचा खरा प्रतिस्पर्धी कात्री नव्हे, विळी होय. विळीची थोरवी चाकूप्रेमी मनुष्याने मान्य करणे म्हणजे स्वपक्षाशी फितुरी आहे. तथापि सत्य हे सत्य. चाकू भाजीकडे जातो. विळीकडे भाजीला यावे लागते. पाट पायाखाली दाबून गृहिणी एकदा विळीवर बसली की तिचे दोन्ही हात मोकळे असतात, तर चाकूवाल्याचा एक हात मूठ सांभाळण्यातच गुंतून पडलेला असतो, आणि शिवाय त्याला तबक लागते, फळी लागते, प्रेक्षक लागतात. पावशेर गवार मोडून, बटाट्याच्या काचऱ्या करून, पात्याच्या टोकाच्या खवणीवर अर्धी नारळाची कवड खवून विळी पुन्हा भिंतीशी आडवी झालेली असते, तेव्हा मी एका सफरचंदाची साल अखंड उतरविण्याच्या कार्यात निमग्न असतो. ही अखंड साल प्रत्येक चाकूशौकिनाचे अग्निदिव्य आहे. फळ डाव्या हाती फिरते, पाते जागच्या जागी राहते, अंगठा त्याला दिशा देतो, आणि एक लांबच लांब तांबूस फीत तबकात उतरत जाते. प्रेक्षकांचा श्वास रोधला जातो. आणि ज्या पाहुण्यांसाठी हा प्रयोग आरंभिला ते निरोप घेऊन जिना उतरेपर्यंत सफरचंदही तपकिरी होऊन जाते.

शौकिनांत पुन्हा पंथभेद आहेत. एक पंथ साध्या पात्याचा. त्याचे दैवत फ्रान्सच्या सावोय प्रांतातील जोसेफ ओपिनेल, ज्याने १८९० साली बीच लाकडाच्या मुठीचा एक शेतकरी चाकू घडविला आणि १८९७ मध्ये त्याचे १ ते १२ असे क्रमांक लावले. या चाकूचे साधे पोलाद आमच्या कैरीला लागले की काळेनिळे पडते, आणि याच काळोखीला परदेशी शौकीन सौंदर्य मानतात, तिच्यासाठी नव्या पात्याला मोहरी फासून ठेवतात. आमच्या आजीची विळी पन्नास वर्षे याच रंगाची होती. तिला कोणी सौंदर्य म्हटल्याचे स्मरत नाही. लाकडी मुठीचे दुसरे वैशिष्ट्य असे की ओल लागताच ती फुगते आणि पाते आत घट्ट अडकून बसते. सावोयचे लोक अशा वेळी मुठीचे बूड टणक जागी ठोकून पाते थोडे पुढे सरकवतात. कोकणातल्या श्रावणात हा चाकू घेऊन गेलो असता माझा पुष्कळसा वेळ ओटीचा खांब ठोकण्यात गेला, आणि यजमानांनी वाळवी लागली आहे काय, अशी काळजीने पृच्छा केली.

धार हा या शौकाचा आत्मा, आणि चाकूने करावयाच्या कामांत धारेची परीक्षा पाहणे हे काम संख्येने इतर सर्व कामांच्या बेरजेहून मोठे आहे. परीक्षेची साधने दोन: वर्तमानपत्र आणि स्वतःचा हात. पहिल्यामुळे आमच्या घरी अग्रलेख बहुधा उभा चिरलेला वाचावा लागतो, त्याने अर्थहानी होते असे मात्र नाही. दुसऱ्यामुळे शौकिनाच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक केशहीन पट्टा निर्माण होतो, ज्यावरून एक शौकीन दुसऱ्याला भर गर्दीत ओळखतो. निसण्यावर पाणी टाकून, कोन राखून, एकदा ह्या बाजूने आणि एकदा त्या बाजूने पाते ओढत बसण्यात संध्याकाळ कशी सरते ते कळत नाही. एकदा सायकल उभी करून तिच्याच चाकावर सहाण फिरविणारा धारवाला गल्लीत आला असता, व्यावसायिकाची दाद मिळावी या हेतूने मी चाकू त्याच्या हाती दिला. त्याने अंगठा आडवा फिरविला, माझ्याकडे पाहिले आणि चाकू परत केला. “धार तर हाय, साहेब,” तो म्हणाला, “वापरत न्हाई वाटतं?”

न वापरताही चाकू कामास येतो, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावे. झोपेत दचकणाऱ्या मुलाच्या उशाखाली लोखंड ठेवावे असा आपल्याकडे संप्रदाय आहे, आणि त्यान्वये माझा चाकू भाच्याच्या उशाखाली तैनात झाला होता. रात्रभर काही न करता पहाटे त्याने कामगिरी फत्ते केली, आणि घरच्या दप्तरात त्याच्या नावावर जमा झालेली ही पहिली नोंद. खंडेनवमीला तो पूजेतही बसतो. ग्रहणकाळी घरात कोणी गर्भवती असेल तर त्याची सक्तीची रजा ठरलेली. आणि विमानात त्याला हातसामानातून नेण्यास मनाई असल्यामुळे मी शक्यतो आगगाडीने प्रवास करतो.

दुसरा पंथ स्विस. कार्ल एल्सेनर याने १८८४ साली श्वीत्स प्रांतातील इबाख येथे कारखाना काढला आणि १८९१ पासून तो स्वदेशाच्या सैन्याला चाकू पुरवू लागला. सैनिकाला त्या चाकूने शत्रूचा निःपात करावयाचा नव्हता; हवाबंद डबे उघडावेत आणि आपल्या नव्या बंदुकीचे स्क्रू काढावेत, एवढ्यासाठीच तो दिलेला होता. पुढे १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी त्याने जो हलका चाकू नोंदविला त्यात बूच काढण्याचे मळसूत्र घातले, जे सैनिकी चाकूत नव्हते; यावरून सैनिक आणि अधिकारी यांच्या युद्धविषयक गरजांतला फरक ध्यानी यावा. सैन्याने हा चाकू कोणाला दिला नाही. अधिकारी तो पदरमोड करून घेत. माझ्यापाशी आहे तो त्याच कुळातला. आमच्या घरी बुचाची बाटली येत नसल्याने ते मळसूत्र पायजम्याच्या नाडीची निरगाठ उकलण्याकडे वळविले आहे, आणि त्याच्या वेटोळ्यांत चष्म्याचा अणूएवढा स्क्रू पिळण्याची एक सूक्ष्म पिळणी मावते, ती मी जपून ठेवली आहे. पाठीमागे एक आकडा आहे; तो कशासाठी, हे निम्म्या मालकांना माहीत नसते. दोरीने बांधलेले गाठोडे बोटे न काचता उचलावे म्हणून तो १९९१ मध्ये घातला गेला. मी त्याला मंडईतून येताना भाजीची पिशवी अडकवून आणतो, आणि लोक पाहतात.

पण कोणी तो चाकू मागितला म्हणजे शौकिनाच्या मनुष्यत्वाची कसोटी लागते. पैसे उसने मागणारा परवडला. तो पैशांनी रंगाचा डबा उचकटीत नाही. मागणाऱ्याच्या मनात काय आहे हे मी प्रथम काढून घेतो, आणि ‘जरा स्क्रू पिळायचाय’ असे शब्द कानी आले की चाकू घरी राहिल्याचे सांगतो. कारण अशा मनुष्याला पिळणी आणि पाते यांतील भेद कळत नाही, आणि पात्याचे अग्र एकदा मोडले की ते परत येत नाही.

तथापि शौकीन ज्या एका क्षणाची आयुष्यभर वाट पाहतो तो क्षण आमच्या सोसायटीच्या वाचनालयाच्या उद्घाटनप्रसंगी आला. अध्यक्ष दाराशी उभे, फीत ताणलेली, छायाचित्रकार गुडघ्यावर, आणि तबकात कुंकू, अक्षता, सुपारी सर्व काही असून कात्री तेवढी नाही. “कोणाकडे चाकू आहे का हो?” असा चिटणीसांचा आर्त स्वर उमटताच मी गर्दीतून वाट काढीत पुढे झालो. घाईत प्रथम मळसूत्र उघडले. ते मिटून दुसरे ओढले, तो डबे उघडण्याचे निघाले. तिसऱ्यांदा आकडा निघाला, त्याचा उपयोग काय, असे एका मुलाने विचारले, आणि विषयच असा की मला उत्तर देणे प्राप्त झाले. पाते उघडून वर पाहतो तो अध्यक्षांनी फितीची सुरगाठ दोन बोटांनी ओढून मोकळी केली होती आणि टाळ्या पडत होत्या.

मी पाते मिटले. इतक्यात चिटणीस धावत आले आणि म्हणाले, “अहो, तुमच्याकडं ते आहे ना, ते जरा द्या बघू. माइकचा स्क्रू ढिला झालाय, नुसती खरखर येतेय.” घरी राहिला आहे असे सांगण्याची सोय नव्हती, चाकू हातातच होता; सबब मी स्वतः व्यासपीठावर चढलो, पिळणी उघडली, आणि जे काम एल्सेनरने या कुळाला नेमून दिले होते ते काम चारचौघांदेखत अर्ध्या मिनिटात पार पाडले. त्या ढिल्या स्क्रूच्या कृपेने जे टळण्याच्या बेतात होते ते अध्यक्षीय भाषण त्यानंतर पाऊण तास शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू आले, आणि श्रोते अधूनमधून माझ्याकडे वळून पाहत होते.