कड पडली ना बाप्पा!

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा म्हणा की पुसद, एखाद्या घरात भर मे महिन्यात कूलर बंद दिसला, तर तो बिघडला असं समजू नका. त्याची मोटर मागच्या खोलीत दुर्बिणीचा आरसा घासत असते. घरमालक बहुधा निवृत्त मास्तर. गल्ली त्यांना भाऊ म्हणते.

भाऊंनी पुण्याला आयुका या खगोलसंस्थेच्या कार्यशाळेत सहा इंची आरसा हातानं घासला आणि लागण झाली. आठ इंचीला खांदे भरून आले, म्हणून हे यंत्र. भंगारातला गिअर, चक्कीचा पट्टा, वेग उतरवायला लहानमोठ्या पुल्या. खाली आरसा सावकाश फिरतो, वर पिचची, म्हणजे डांबरासारख्या राळेची चकती मागंपुढं सरकते, मधे सिरियम ऑक्साइडचं पाणी. "आता आपण फक्त बटन दाबायचं," असं भाऊ येईल त्याला सांगतात आणि बटन दाबून दिवसभर तिथंच बसतात! कारण यंत्र इमानदार. तोच फेरा पुन्हा पुन्हा मारतं आणि काचेवर गोल वळ उठवतं. म्हणून घटकाघटकानं दांडा जरा इकडे, जरा तिकडे. त्यात उन्हाळ्यात पिच मऊ पडतं. मग भाऊ पहाटेच उठून ते नखानं दाबून पाहतात आणि पट्ट्याच्या फटफटीनं सगळी गल्ली उठते. त्या खोलीत झाडू मारायला बंदी, कारण एक कण चकतीखाली गेला की ओरखडा.

पाहुण्याची खरी परीक्षा चाचणीच्या वेळी. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोनं 1858 साली काढलेली युक्ती: अंधारी खोली, बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड. "बोट टेकवा आरशाला. आता या, पाहा." पाहिलं तर बोटाच्या उबेनं काच फुगून तिथं चक्क टेकडी! ती बसेपर्यंत गप्पा. सरळ गोलाईचा आरसा पॅराबोला करायला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी काच काढायची असते. "अजून थोडंसं राह्यलं," भाऊ म्हणतात. ते थोडंसं काढताना काठ जास्त घासला जातो आणि आतून हाक येते, "कड पडली ना बाप्पा!" की पुन्हा पहिल्यापासून.

जेवायला बोलावलं की भाऊ हर्शेलचा दाखला देतात. 1781 साली युरेनस शोधणारा हा गडी आरसा घासताना एकदा सोळा तास हात काढेना, बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची. पुढं त्यानंही यंत्रच केलं. वहिनी ताट ठेवून सांगतात, "बहीण होती ती. बायको नव्हती."

शेवटचा हात मात्र भाऊ यंत्र बंद करून स्वतःच फिरवतात. हे कोणाला सांगत नाहीत.

तुमच्या गावात असे भाऊ असतील तर हिवाळ्यात जा. मृगातला तेजोमेघ ते झकास दाखवतात. जाताना कूलरची एखादी जुनी मोटर सोबत न्या. चहा वहिनी स्वतःहून टाकतील.